पिट बुल संकर दत्तक घेताना वंश पाहावा की स्वभाव?

'पिट बुल' हा शब्द कानी पडताच शहरातील गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये दोन तट पडतात. हा कुत्रा म्हणजे साक्षात यमदूत असे एका गटाचे म्हणणे असते. 'कुत्रा वाईट नसतो, त्याला वाढवणारा वाईट असतो' असे दुसरा गट तितक्याच ठामपणे सांगतो. जुलै २०२२ मध्ये लखनौ येथे एका ८२ वर्षीय निवृत्त शिक्षिकेचा घरच्याच पिट बुलने केलेल्या हल्ल्यात मृत्यू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यातील हणजूण येथे सात वर्षांचा मुलगा अशाच हल्ल्यात दगावला. अशा प्रत्येक घटनेनंतर भीतीचे वातावरण पसरते आणि मालकांना नकोसे झालेले कुत्रे प्राणी निवारा केंद्रांच्या दारी येऊन पडतात. यातील एखाद्या कुत्र्याला घर देण्याची इच्छा असणाऱ्यांनी वंशाला किती महत्त्व द्यावे आणि प्रत्यक्षात काय तपासावे, याचा हा आढावा.

पिट बुल म्हणजे नेमके कोण?

बैलाच्या अंगावर कुत्रे सोडण्याचा खेळ ब्रिटनमध्ये १८३५ च्या कायद्याने बंद झाला. त्यानंतर शौकिनांनी आपला मोर्चा कुत्र्यांच्या झुंजींकडे वळवला. त्यासाठी बुलडॉगची ताकद आणि टेरियरची चपळाई व चिकाटी यांचा संकर करण्यात आला. हेच कुत्रे पुढे अमेरिकेत गेले. तेथील युनायटेड केनेल क्लब या संस्थेने १८९८ मध्ये 'अमेरिकन पिट बुल टेरियर' या वंशाची नोंद केली. अमेरिकन केनेल क्लबने १९३६ मध्ये याच घराण्यातील कुत्र्यांची 'स्टॅफर्डशायर टेरियर' या नावाने नोंद सुरू केली. 'अमेरिकन बुली' हा त्यांचा अलीकडचा भाऊबंद आहे. थोडक्यात, बोलीभाषेतील 'पिट बुल' हे एका वंशाचे नाव नसून रुंद डोके, आखूड केस आणि पिळदार अंग असणाऱ्या अनेक वंशांचे व त्यांच्या संकरांचे ते सामायिक नाव आहे.

संकराच्या बाबतीत हा गोंधळ आणखी वाढतो. अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी चार निवारा केंद्रांतील १२० कुत्र्यांची डीएनए चाचणी केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार त्यापैकी केवळ २५ कुत्र्यांमध्ये पिट बुल घराण्याचा अंश आढळला. केंद्रांतील कर्मचाऱ्यांनी मात्र त्याच्या दुपटीहून अधिक कुत्र्यांना पिट बुल ठरवले होते. रोज कुत्र्यांमध्ये वावरणाऱ्यांचा अंदाज इतका चुकत असेल, तर पिंजऱ्यावरील पाटी वाचून निर्णय घेणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको.

रक्ताचा वाटा किती?

वंशाचा स्वभावावर परिणाम होतच नाही, असे म्हणणेही वस्तुस्थितीला धरून नाही. एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १८,३८५ कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेण्यात आली आणि २,१५५ कुत्र्यांचे जनुकीय विश्लेषण करण्यात आले. कुत्र्या-कुत्र्यांच्या वर्तनात जो फरक दिसतो, त्यातील सरासरी ९ टक्के भागच वंशावरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष होता. माणसाची आज्ञा ऐकण्याची वृत्ती वंशावरून थोडीफार ओळखता येते. त्रासदायक प्रसंगी कुत्रा किती लवकर चिडेल, हे मात्र वंशावरून जवळजवळ कळत नाही.

तथापि, एका बाबतीत इतिहासाची छाप पुसलेली नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मालकांच्या माहितीवर आधारित एका पाहणीत माणसांबाबत अधिक आक्रमक ठरलेल्या वंशांमध्ये डॅक्सहुंड आणि चिवावा हे इवलेसे कुत्रे होते. अनोळखी कुत्र्यांवर गंभीर स्वरूपाचा हल्ला करण्याच्या बाबतीत मात्र अकिता आणि पिट बुल टेरियर पुढे होते. या दोन्ही वंशांत असे प्रमाण २० टक्क्यांहून अधिक आढळले. म्हणजेच पिट बुल संकर घरी आणणाऱ्याने 'हा माणसाला चावेल का' या प्रश्नाइतकाच 'हा रस्त्यावरच्या कुत्र्याशी कसा वागेल' हा प्रश्नही विचारला पाहिजे. भटक्या कुत्र्यांचा सर्वत्र वावर असलेल्या आपल्या शहरांत या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे.

दुसरा मुद्दा ताकदीचा. चिवावा चावला तर बहुधा टाके पडतात. मजबूत जबड्याचा आणि पकड न सोडणारा कुत्रा चावला तर जिवावर बेतू शकते. चावण्याची शक्यता आणि चाव्याची तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीबाबत वंश फारसे सांगत नाही, दुसरीबाबत कुत्र्याचा आकार व बळ बरेच काही सांगतात.

जीवघेण्या हल्ल्यांमागे काय असते?

अमेरिकेत १९७९ ते १९९८ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यात २३८ जणांचा मृत्यू झाला. त्यात किमान २५ वंशांचे कुत्रे होते, मात्र निम्म्याहून अधिक मृत्यूंमध्ये पिट बुल वर्गातील कुत्रे व रॉटवायलर यांचा सहभाग होता. हा आकडा बंदीच्या समर्थनार्थ नेहमी दिला जातो. कोणत्या वंशाचे एकूण किती कुत्रे पाळले जातात हे ठाऊक नसल्याने त्यावरून वंशावंशांतील धोक्याची तुलना करता येत नाही, हे अभ्यासकांनी त्याच वेळी स्पष्ट केले होते.

२००० ते २००९ या दशकातील अशा २५६ मृत्यूंचा तपशीलवार अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निष्कर्ष पालकांनी जरूर लक्षात ठेवावेत. ८७ टक्के प्रकरणांत मध्ये पडू शकेल अशी धडधाकट व्यक्ती जवळ नव्हती. ८५ टक्के प्रकरणांत मृत व्यक्तीचा कुत्र्याशी परिचय नव्हता किंवा जुजबीच होता. ८४ टक्के प्रकरणांतील कुत्र्यांचे निर्बीजीकरण झालेले नव्हते, तर ७६ टक्के प्रकरणांत कुत्र्याला कुटुंबापासून दूर, बांधून वा कोंडून ठेवलेले होते. पाचपैकी चार घटनांत अशी चार किंवा अधिक कारणे एकत्र आली होती. ही सर्व कारणे माणसाच्या हातातील आहेत.

एकेका कुत्र्याची पारख

एप्रिल २००७ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात फुटबॉलपटू मायकेल व्हिक याच्या मालमत्तेवर छापा पडला आणि झुंजींसाठी पाळलेले सुमारे ५० पिट बुल ताब्यात घेण्यात आले. अशा कुत्र्यांना सरसकट मारून टाकण्याची तोवरची प्रथा होती. या वेळी मात्र तज्ज्ञांनी प्रत्येकाची स्वतंत्र तपासणी केली. आक्रमकतेच्या कारणावरून केवळ एकाला मरण देण्यात आले. अतिशय बिथरलेले २२ कुत्रे युटा राज्यातील 'बेस्ट फ्रेंड्स' या संस्थेच्या आश्रमात पाठवण्यात आले. त्यातील दोघांना न्यायालयाच्या आदेशानुसार अखेरपर्यंत तेथेच ठेवण्यात आले. इतर अनेकांना यथावकाश कुटुंबे मिळाली. झुंजींसाठी पाळलेल्या कुत्र्यांतही असा फरक असेल, तर निवाऱ्यातील एखाद्या संकराविषयी आधीच निकाल देणे योग्य ठरत नाही. मात्र प्रत्येक कुत्रा घरात ठेवण्याजोगा नसतो, हेही याच प्रकरणाने दाखवले.

निवारा केंद्रात काय विचाराल?

कुत्रा कोठून आला, पूर्वीच्या घरात मुले वा अन्य प्राणी होते का, तो कधी कोणाला चावला आहे का आणि चावला असल्यास कातडी फाटली होती का, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. झुंजीसाठी किंवा राखणीसाठी साखळीला बांधून ठेवलेल्या कुत्र्याला अनुभवी पालकाचीच गरज असते.

एका भेटीवर निर्णय घेऊ नये. दोन-तीन वेगवेगळ्या वेळी जावे. फिरायला न्यावे, शक्य असल्यास सुरक्षित अंतरावरून दुसरा कुत्रा दाखवावा. अनोळखी माणूस आल्यावर अंग सैल ठेवून जवळ येणारा आणि दचकला तरी लगेच सावरणारा कुत्रा आश्वासक मानावा. अंग ताठ होणे, एकटक रोखून पाहणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे, वारंवार ओठ चाटणे या खुणा ताण दर्शवतात. तथापि, गोंगाटाच्या पिंजऱ्यातील वागणे आणि घरातील वागणे यांत फरक पडतो. त्यामुळे काही आठवडे तात्पुरते घरी ठेवून मग दत्तक घेण्याची सोय असल्यास तिचा लाभ अवश्य घ्यावा.

पिल्लू घेतले म्हणजे निर्धास्त झालो, हा समजही दूर करावा. वयाच्या पहिल्या साधारण तीन ते चौदा आठवड्यांत मिळालेले अनुभव कुत्र्याच्या स्वभावावर खोल परिणाम करतात. इतर कुत्र्यांविषयीची असहिष्णुता मात्र एक ते तीन वर्षे वयाच्या सुमारास प्रथमच प्रकट होऊ शकते. ज्याचा स्वभाव दिसून चुकला आहे असा प्रौढ कुत्रा नवख्या पालकाला अनेकदा अधिक सोयीचा ठरतो.

आपले घर योग्य आहे का?

घरात लहान मूल किंवा एकट्याने वावरणारे वृद्ध आई-वडील असतील, तर हा निर्णय सर्वांच्या संमतीनेच घ्यावा. कुत्रा ओढू लागला तर त्याला आवरण्याची ताकद घरातील किती जणांत आहे, याचा प्रामाणिक हिशेब मांडावा. दिवसभर घराला कुलूप असणाऱ्यांनी या ऊर्जावान कुत्र्याच्या वाटेला न जाणेच बरे. घरी आधीच कुत्रा वा मांजर असल्यास दोघांना पहारा नसताना एकत्र ठेवू नये.

घरी आणल्यावर पहिले काही आठवडे पाहुण्यांची वर्दळ टाळावी. तोंडाला मुसके घालून घेण्याची सवय खाऊ देत, हळूहळू लावावी. निर्बीजीकरण आणि रेबीजची लस यांत चालढकल नको. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नये. गुरगुरणे हा इशारा असतो आणि तो दडपला तर पुढे इशाऱ्याविना चावा येतो. मुले आणि कुत्रा यांना एकटे सोडू नये. हा नियम कोणत्याही वंशाला लागू आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिट बुलसह २३ वंश व त्यांचे संकर यांची आयात, पैदास व विक्री रोखण्यास सांगितले होते. कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्येच पिट बुल पाळण्यावर निर्बंध घातले, तर हणजूणच्या घटनेनंतर गोवा सरकारनेही बंदीच्या दिशेने पावले उचलली. नियम शहरागणिक वेगळे असल्याने महापालिकेचा परवाना आणि स्थानिक आदेश यांची खातरजमा आधीच करावी. अमेरिकेत भाड्याच्या घरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी भाडेकरारातील निषिद्ध वंशांची यादी तपासावी. ब्रिटनमध्ये १९९१ च्या कायद्यानुसार पिट बुल पाळण्यास मनाई असून तेथे कुत्रा कागदपत्रांवरून नव्हे, तर दिसण्यावरून ठरवला जातो.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून इतरांच्या जीवितास धोका निर्माण केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कुत्र्यांच्या झुंजी लावणे हाही प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० नुसार गुन्हा आहे.

वंशाची माहिती पालकाला कोणती खबरदारी घ्यावी हे सांगते. समोरचा कुत्रा कसा आहे, हे त्याच्या पूर्वेतिहासावरून आणि वागण्यावरूनच कळते. या दोन्हींचा विचार करूनही मनात शंका उरली, तर नकार देण्यात कमीपणा नाही. महिन्याभरात परत पाठवलेल्या कुत्र्याला दुसरे घर मिळणे अधिकच कठीण होऊन बसते.