काळ कोठे खर्च होतो?



घरचा जमाखर्च पाहणाऱ्यास एक अनुभव नेहमी येतो. महिनाअखेर पैसा पुरला नाही म्हणजे आपण लगेच एखाद्या ठळक खर्चाकडे बोट दाखवितो. लग्नातला आहेर नडला म्हणतो, किंवा पाहुण्यांना दोष देतो. परंतु रोजची नोंद ठेवली असेल तर वही निराळेच सांगते. पैसा गेलेला असतो दोन-दोन, चार-चार रुपयांनी, आणि तोही ज्याची आठवण राहिली नाही अशा बाबींवर.

संगणकाच्या जगात पैशाच्या जागी काळ खर्च होतो. संगणकाने करावयाच्या कामाची जी क्रमवार आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहितात, ती पुष्कळदा अपेक्षेपेक्षा सावकाश चालते. मग लिहिणारा छातीठोकपणे सांगतो की, अमुक भागच वेळ खातो. पंधरा दिवस खपून तो भाग तो सुधारतो, आणि एकंदर वेळ पाहावा तर जवळजवळ पूर्वीइतकाच! कारण सोपे आहे. शंभर सेकंदांच्या कामात त्या भागाचा वाटा पाचच सेकंदांचा असेल, तर तो भाग समूळ नाहीसा केला तरी पंचाण्णव सेकंद उरतातच. अनेक प्रक्रियक एकत्र कामास लावल्यास किती लाभ होईल याचा विचार करताना जीन अॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेले गणित याच जातीचे होते.

तेव्हा प्रश्न असा की, संगणकाच्या काळाची वही कोणी व कशी लिहावी?

या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मिळाले. डोनाल्ड नूथ या गणितज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसे प्रत्यक्षात कशा आज्ञावली लिहितात याचा शोध घेण्याचे ठरविले. त्यासाठी त्यांनी संगणक केंद्रातील रद्दीच्या टोपल्यासुद्धा धुंडाळल्या. फोरट्रॅन भाषेतील या आज्ञावलींत त्यांनी मोजणीच्या खुणा घातल्या. कोणती ओळ किती वेळा चालली याचा आकडा त्यामुळे कळू लागला. १९७१ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सामान्यतः आज्ञावलीच्या चार टक्क्यांहूनही कमी भागात तिचा निम्म्याहून अधिक काळ जातो, हा त्यातील निष्कर्ष आजही सांगितला जातो. मौज अशी की, ही मोजणी करणारी आज्ञावली स्वतःवरच चालविली, तेव्हा तिचाही बराचसा वेळ दोनच लहान फेऱ्यांत जात असल्याचे दिसले. तेवढे सुधारताच, थोडक्या श्रमात, तिचा वेग दुपटीच्या घरात गेला. मोजमापाचे साधन घडविणाऱ्यांनाही स्वतःचे साधन मोजल्यावाचून उमगले नव्हते.

प्रत्येक ओळ मोजण्यात मात्र एक अडचण असते. मोजणीलाच वेळ लागतो, आणि मूळ कामाची चाल बिघडते. म्हणून दुसरी रीत पुढे आली. शाळेचे मुख्याध्यापक दिवसभर प्रत्येक वर्गात बसू शकत नाहीत. परंतु ठराविक अंतराने व्हरांड्यातून फेरी मारून कोणत्या वर्गात काय चालले आहे याची टिपणे ठेवली, तर महिन्याभरात शाळेचे खरे चित्र उभे राहते. एका फेरीवरून काहीच ठरत नाही. शेकडो फेऱ्यांवरून बरेच ठरते. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून आकारास आलेल्या युनिक्स प्रणालीत सत्तरीच्या दशकात ‘प्रॉफ’ नावाची आज्ञा होती, तिचे तत्त्व हेच. घड्याळाच्या दर ठोक्यास संगणक कोणत्या ठिकाणी काम करीत आहे ते टिपावयाचे, आणि शेवटी कोणत्या भागावर किती टिपणे पडली ते मांडावयाचे.

पुढे आज्ञावली लहान लहान स्वतंत्र तुकड्यांत लिहिण्याची सुधारलेली पद्धत रूढ झाली, आणि प्रॉफचे उत्तर अपुरे पडू लागले. काळ अनेक तुकड्यांत विखुरला जाई. अमुक तुकडा फार राबतो एवढे कळे. पण त्याला राबविणारा कोण हे कळत नसे. कचेरीतील कारकुनाचा सारा दिवस नकला करण्यात जातो एवढे समजून काय उपयोग? नकला कोण मागतो ते समजले पाहिजे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत सुसान ग्रॅहम, पीटर केसलर व मार्शल कर्क मॅक्युसिक हे आपले स्वतःचे एक काम वेगवान करू पाहत असता याच अडचणीत सापडले. त्यातून १९८२ साली त्यांनी ‘जीप्रॉफ’ जगापुढे मांडले. घड्याळाच्या ठोक्यांवरील टिपणे आणि कोणी कोणास किती वेळा बोलाविले याची मोजणी, अशा दोन्ही रीतींचा त्यात मेळ होता. आज्ञावली यंत्रभाषेत उतरविताना ‘पीजी’ ही खूण द्यावयाची, ती नेहमीप्रमाणे चालवावयाची, आणि मागे राहिलेली टिपणांची फाइल जीप्रॉफच्या हवाली करावयाची. एवढ्यावर हिशेब हाती येई.

तथापि हा हिशेबही सर्वस्वी निर्दोष नव्हता. एखाद्या तुकड्याचा काळ तो बोलाविणाऱ्यांत वाटताना जीप्रॉफ प्रत्येक बोलावणे सारख्याच वेळेचे धरते. एकाने दहा नावे लावावयास दिली आणि दुसऱ्याने दहा हजार, तरी दोघांच्या माथी सारखाच खर्च पडतो. सारांश, वही वाचणाऱ्याला ती कोणत्या रीतीने लिहिली गेली हेही ठाऊक असावे लागते.

यानंतरचे मोठे पाऊल प्रक्रियकाच्या चकतीतच पडले. १९९३ साली आलेल्या पेंटियममध्ये घडणाऱ्या घटना मोजणारे गणक होते. या जातीच्या गणकांचा उपयोग सर्वांस सुलभ व्हावा म्हणून लिनक्स प्रणालीत २००९ साली ‘परफ’ ही आज्ञा दाखल झाली. इंगो मोल्नार व थॉमस ग्लाइक्सनर ही तिच्या कर्त्यांतील प्रमुख नावे होत. ‘परफ स्टॅट’ असे टंकले की यंत्राची चक्रे, पार पडलेल्या आज्ञा, जवळच्या स्मृतीत न सापडलेली माहिती यांची बेरीज मिळते. ‘परफ रेकॉर्ड’ टिपणे गोळा करते; ‘परफ रिपोर्ट’ त्यांची टक्केवारीने मांडणी करते. आज्ञावली त्यासाठी नव्याने बांधावी लागत नाही. मर्यादा येथेही आहेच. प्रक्रियकाची चक्रे मोजणारी वही, आज्ञावली दूरच्या यंत्राच्या उत्तराची वाट पाहत थांबलेली असते तेव्हा कोरीच राहते. तो वेळ अन्य मार्गाने शोधावा लागतो.

हा केवळ तंत्रज्ञांचा खेळ आहे, असे कोणास वाटेल. पण असंख्य संगणक अहोरात्र चालविणाऱ्या संस्थांत वाया जाणारे प्रत्येक चक्र म्हणजे वाया जाणारी वीज असते. गूगलच्या यंत्रशाळांची अशीच टिपणे घेऊन केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. माहिती येथून तेथे हलविणे, ती आवळणे, स्मृतीत जागा देणे अशा सामाईक किरकोळ कामांत एकंदर चक्रांपैकी तीस टक्क्यांच्या जवळपास जाऊ शकतात, असे त्यात आढळले. कोणा एका आज्ञावलीच्या लेखकाने या कामांकडे बोट दाखविले नसते, कारण प्रत्येकाच्या कामात त्यांचा वाटा लहानच दिसतो. सर्वांची टिपणे एकत्र केली तेव्हाच ती डोळ्यांत भरली.

नूथ यांच्यापासून आजवरच्या या पन्नासाहून अधिक वर्षांत साधने पालटली, पण त्यांचे काम तेच राहिले आहे. बुद्धिमान माणसानेही आपल्या तर्कावर विसंबण्यापूर्वी टिपणे पाहावीत, आणि टिपणे कशी घेतली गेली हे विचारावे. आपल्याच कामाविषयीचा आपला अंदाज चुकू शकतो, हे मान्य करण्यास थोडी नम्रता लागते. ती नसेल, तर उत्तमातील उत्तम साधनही कोणी चालवून पाहत नाही, आणि पंधरा दिवसांचे श्रम पाच सेकंदांवर खर्ची पडतात.