चांदीपुरा : नागपूरच्या एका वस्तीचे नाव लाभलेला विषाणू

#थ्रेड 🧵

१/ साल १९६५. नागपुरात तापाची साथ पसरली होती. डेंग्यू व चिकुनगुन्याचा माग काढणाऱ्या पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला दोन रुग्णांच्या रक्तात निराळाच विषाणू आढळला. नागपुरातील चांदीपुरा या भागावरून त्याचे नामकरण झाले. १९६७ मध्ये भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी त्याची नोंद प्रसिद्ध केली.

२/ हा विषाणू रेबीजच्याच कुळातला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा. तरीही त्याची पहिली ओळख ‘तापाचा विषाणू’ एवढीच राहिली.

३/ त्याचा वाहक मराठवाड्यात सापडला. १९६९ मध्ये औरंगाबाद परिसरातील वाळूमाश्यांतून, म्हणजेच सँडफ्लायमधून, तो वेगळा करण्यात आला. ही माशी डासाहून लहान असते आणि मातीच्या भिंतींच्या भेगांत राहते. आष्टीपासून औरंगाबादपर्यंतच्या जुन्या घरांना अशा भेगा नव्या नाहीत.

४/ १९८० मध्ये मध्य प्रदेशात मेंदूविकाराच्या साथीत तो पुन्हा आढळला. २००३ मध्ये मात्र आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली आणि त्यांपैकी १८३ दगावली. अनेकांचा मृत्यू लक्षणे दिसल्यापासून दोन दिवसांच्या आत झाला. २००७ मध्ये नागपूर विभागातील मुलांनाही या आजाराने गाठले.

५/ बळी मुलांचेच का? याचे काहीसे उत्तर प्रयोगशाळेतील उंदरांनी दिले. उंदराच्या पिलांत हा विषाणू मेंदू व मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि चेतापेशींत वाढतो. त्या पेशींमधील आत्मनाशाची यंत्रणा चालू होते. पिलांचा तोल जातो, मागचे पाय लुळे पडतात. प्रौढ उंदरांना तो थेट मेंदूत टोचला तरच घातक ठरतो. इतर मार्गाने शिरल्यास ते सहसा तगतात.

६/ उंदीर म्हणजे माणूस नव्हे. तथापि, कोवळ्या वयातील चेतासंस्थेवर या विषाणूची पकड किती घट्ट असते, हे त्या पिलांवरून उमगते.

७/ २०२४ मध्ये गुजरातमध्ये त्याने पुन्हा मुलांचे प्राण घेतले. त्यावर खास औषध वा लस अद्याप उपलब्ध नाही. तोवर भिंतीची भेग लिंपणे, फवारणी, मच्छरदाणी आणि तापाने फणफणलेल्या मुलाला झटके येताच विनाविलंब रुग्णालयात नेणे, हेच उपाय हाती आहेत. साठ वर्षांपूर्वी दोन रुग्णांच्या रक्तात सापडलेल्या या विषाणूचा इतिहास अजून संपलेला नाही.