सूर्य रोहिणीत असताना

२९ मे १९१९. तुम्ही उभे आहात पश्चिम आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर, कोकोच्या एका पोर्तुगीज मळ्यात. सकाळपासून पाऊस झोडपतोय, सदरा पाठीला चिकटलाय. पंचांगात सूर्य रोहिणीत आहे. गावाकडं शेतकरी या दिवसांत आभाळाकडं डोळे लावून बसतो. इथंही दोघं तेच करतायत, फक्त त्यांना पाऊस नकोय.

एक केंब्रिजचे आर्थर एडिंग्टन, दुसरे घड्याळजी कॉटिंगहॅम. रोहिणीच्या परिसरात ठळक ताऱ्यांची दाटी आहे. खग्रास ग्रहणात झाकल्या सूर्याच्या आसपास ते तारे दिसतील. त्यांचा प्रकाश सूर्याजवळून येताना वाकतो का, आणि किती, एवढंच पाहायचंय. प्रकाशाला दगडासारखं पडायला लावलं, तर न्यूटनच्या नियमानं सूर्याच्या कडेशी उत्तर येतं ०.८७ विकला. आइनस्टाइन म्हणतात १.७५, कारण काळासोबत अवकाशही वाकतं. गंमत म्हणजे १९११ साली त्यांनीही निम्माच आकडा काढला होता. १९१४ च्या ग्रहणासाठी क्रिमियात गेलेली जर्मन मंडळी महायुद्धामुळं पकडली गेली, म्हणून तो चुकीचा आकडा तपासायचा राहिला. नशीब म्हणतात ते हेच!

दुपारी पाऊस थांबतो, ढग मात्र हटत नाहीत. दोन वाजून गेल्यावर एकाएकी अंधारतं. सेकंद मोजणारा मेट्रोनोम टकटकू लागतो. ३०२ सेकंद. एडिंग्टन दुर्बिणीतून छायाचित्राची एक काच काढतात, दुसरी बसवतात, पुन्हा काढतात. तुम्ही मान वर करता: काळ्या चकतीच्या कडेला ज्वाळेची भलीमोठी कमान. त्यांना सांगावंसं वाटतं, अहो, बघा तरी. पण त्यांचे हात काचांत गुंतलेत. ग्रहण लागलं ना ते पाहायला एकदा आणि ढग किती आहेत ते पाहायला एकदा नजर वर जाते, तेवढीच.

१६ काचा. पहिल्या दहांवर तारे जवळजवळ नाहीतच. कामाच्या निघाल्या दोन, आकडा आला १.६१. एवढ्या पुराव्यावर मी तरी पैज लावली नसती. ब्राझीलमधल्या सोब्रालला गेलेल्या दुसऱ्या तुकडीच्या काचा होत्या म्हणून बरं.

पण आता त्या दोनांतली एक जवळून बघा. याच ताऱ्यांची, सूर्य तिथं नसताना ऑक्सफर्डला रात्री टिपलेली काच एडिंग्टन तिच्यावर पालथी ठेवतात. ठिपक्यावर ठिपका बसत नाही. केसाच्या जाडीहूनही कमी, पण सरकलाय.