बाणाच्या ताऱ्यांचा न दिसणारा उजेड

मृग नक्षत्राच्या पोटात रुतलेला बाण शहराच्या आकाशातही ओळखू येतो. त्याचे तिन्ही तारे अतिशय तापलेले आहेत. असे तारे आपला बहुतेक प्रकाश अतिनील पट्ट्यात ओततात आणि त्यातला फार मोठा भाग पृथ्वीचं वातावरण अडवून धरतं. त्यामुळे उष्ण ताऱ्यांची वर्गवारी कित्येक दशकं जमिनीवर पोचणाऱ्या उरल्यासुरल्या प्रकाशावरच झाली.

ती कच्ची मात्र नव्हती. हार्वर्डमध्ये ॲनी जंप कॅनन यांनी सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्णपट नजरेखालून घातले. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम ही त्यांची रांग तापमानाची का, हे मेघनाद साहांच्या १९२० सालच्या आयनीभवनाच्या सिद्धांतानं उलगडलं. पुढे १९४३ मध्ये मॉर्गन, कीनन आणि केलमन यांनी तेजस्वितेचे वर्ग जोडले. त्यांची रीत साधी होती: प्रमाण ताऱ्यांच्या वर्णपटांशेजारी नवा वर्णपट ठेवायचा आणि तो कोणाशी जुळतो ते पाहायचं.

ऑक्टोबर १९६५ मध्ये प्रिन्स्टनच्या डोनाल्ड मॉर्टन यांची उपकरणं घेऊन एक रॉकेट काही मिनिटांसाठी वातावरणाबाहेर गेलं. बाणाच्या ताऱ्यांचे वर्णपट हाती आले, आणि त्यांत काही रेषांची जांभळ्या बाजूला खोल खाच होती, तर तांबड्या बाजूला उंचवटा. ताऱ्यापासून आपल्या दिशेनं सुटलेला वायू, म्हणजे ताऱ्याचा वारा, असा ठसा उमटवतो. त्याचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरपेक्षाही जास्त भरला! तारा स्वतःच वाऱ्यावर उधळला जात होता, आणि जमिनीवरून याचा जेमतेम सुगावा लागला होता.

खरा साठा दिला तो २६ जानेवारी १९७८ रोजी सोडलेल्या ‘आययूई’ उपग्रहानं. दुर्बीण अवघी ४५ सेंटिमीटरची, पण ती १९९६ पर्यंत चालली आणि लाखाहून अधिक वर्णपट देऊन गेली. त्यांतूनच नोलन वॉलबॉर्न, जॉय निकोल्स-बोहलिन आणि रॉबर्ट पॅनेक यांनी १९८५ मध्ये ओ वर्गाच्या ताऱ्यांची चित्रसूची काढली. तिच्यात १४०० अँगस्ट्रॉमजवळची सिलिकॉनची जोडरेषा पाहण्यासारखी आहे. सारख्याच तापमानाचे तारे शेजारी ठेवले, की साध्या ताऱ्यात या रेषेवर वाऱ्याची खूण नसते, राक्षसी ताऱ्यात ती उमटू लागते आणि महाराक्षसी ताऱ्यात ठसठशीत होते. दृश्य प्रकाशात ठरलेले वर्ग वाऱ्याच्या रेषांशी इतके जुळावेत, हे थक्क करणारं होतं.

मग वाऱ्यावरूनच वर्ग का ठरवू नये? जॅनेट राउनट्री आणि जॉर्ज सॉनबॉर्न यांनी १९९३ च्या बी वर्गाच्या चित्रसूचीत हा मोह टाळला. त्यांनी निकष घेतले ते ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळ, प्रकाशमंडलात उमटणाऱ्या शोषणरेषांचे, तेही अतिनील पट्ट्यातलेच.

हा सावधपणा रास्त होता. वारा सुटतो तो प्रकाशानं जड मूलद्रव्यांना दिलेल्या रेट्यामुळे, आणि लहान मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत ही मूलद्रव्यं सूर्याच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकीच आहेत. हबल दुर्बिणीनं तिथल्या ओ ताऱ्यांचे अतिनील वर्णपट घेतले, तेव्हा आपल्या आकाशगंगेतल्या त्याच वर्गाच्या ताऱ्यांपेक्षा वाऱ्याच्या रेषा सर्वसाधारणपणे फिक्या निघाल्या.