डॉ. आनंदीबाई जोशी यांचा पदवीप्रबंध

फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या संस्थेने ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई जोशी यांस वैद्यकाची पदवी दिली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. या पदवीकरिता आनंदीबाईंनी सादर केलेल्या प्रबंधाकडे मात्र मराठी वाचकाचे लक्ष क्वचितच गेले. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ (१९६८) या कादंबरीने त्यांची जी प्रतिमा रूढ केली ती एका विलक्षण विवाहातील पत्नीची होय. संशोधक आनंदीबाई त्या प्रतिमेत झाकून गेल्या.

प्रबंधाचे शीर्षक ‘ऑब्स्टेट्रिक्स अमंग दि आर्यन हिंदूज’, अर्थात ‘आर्य हिंदूंमधील प्रसूतिविद्या’. ही निवड केवळ सोयीची म्हणता येत नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांस पुत्र झाला व तो अवघे दहा दिवस जगला. पुढे १८८३ मध्ये श्रीरामपूर येथील व्याख्यानात, अमेरिकेस जाण्याचे कारण सांगताना, हिंदू स्त्री-वैद्यांच्या अभावावरच त्यांनी भर दिला होता. प्रसूतिगृहातील अज्ञानाची किंमत त्यांनी ग्रंथ उघडण्यापूर्वीच मोजलेली होती.

शीर्षकातील ‘आर्यन’ हा शब्द त्या काळच्या तौलनिक भाषाशास्त्राने प्रचारात आणला. हा शब्द भाषेस लागू आहे, वंशास नव्हे, असे मॅक्सम्यूलरने १८८८ साली निक्षून बजावले. पण तोवर तो सर्वत्र पसरला होता, व आनंदीबाईंनी तो प्रचलित अर्थानेच घेतला असावा.

प्रबंधात आयुर्वेदीय ग्रंथ व अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेतलेला आहे. या विषयाच्या अभ्यासकास आयुर्वेदात प्रथम जिकडे वळावे लागते ते स्थळ म्हणजे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातील दहावा अध्याय. त्याचे नाव ‘गर्भिणीव्याकरण’. येथे ‘व्याकरण’ म्हणजे विवरण. वैयाकरणांनी उगाच हर्षित होऊ नये! सूतिकागाराची रचना, आठ अंगुळे अंतरावर सूत्राने बांधून नाळ कापणे, धात्रीची पारख, सहाव्या महिन्यात हलके अन्न देणे, असा तपशील त्यात येतो. यांपैकी शेवटच्या गोष्टीचे आजच्या बालवैद्यकाशी साम्य दिसते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ स्तनपानाची शिफारस केली आहे. तथापि अशा साम्यावरून प्राचीनांस सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष काढणे हा आपल्याकडील जुना दोष होय. नवजात अर्भकाचा धनुर्वात नाळेच्या मापाने टळत नाही. त्यास निर्जंतुक पाते व मातेचे लसीकरण लागते. त्या रोगाचा जंतू निकोलायरने १८८४ साली वर्णिला, आणि किटासाटोने तो १८८९ मध्ये शुद्ध स्वरूपात वाढविला. आनंदीबाईंचा प्रबंध नेमका या दोन घटनांच्या मधला आहे. बालसंगोपनास वाहिलेली काश्यपसंहिता तर १९३८ साली छापली गेली. तिचा लाभ त्यांस होणे शक्यच नव्हते.

पदवीनंतर कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाचे प्रमुखपद त्यांस देऊ करण्यात आले. परंतु क्षयाने पोखरलेल्या देहाने त्या स्वदेशी परतल्या, आणि पद स्वीकारण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे निवर्तल्या. प्रबंध परदेशात राहिला. फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात तो जतन केलेला आहे. नवजात अर्भकांच्या धनुर्वाताचे भारतातून उच्चाटन झाल्याची घोषणा होण्यास २०१५ साल उजाडावे लागले.

प्रबंध इंग्रजीत होता व त्याचे आधार काही संस्कृत, काही इंग्रजी. या दोन्ही भाषांपासून सारखीच दूर असलेली जी स्त्री प्रत्यक्ष नाळ कापीत असे, तिला मराठीत सुईण म्हणतात. ‘सूतिका’ व ‘सुईण’ एकाच धातूची लेकरे आहेत. कोल्हापुरास आनंदीबाईंची कारकीर्द झाली असती, तर सूतिकागारास बाळंतिणीची खोली व नाभिनाडीस नाळ म्हणूनच त्यांस तिच्याशी बोलावे लागले असते.