'आंतरराष्ट्रीय' या पाटीमागील इतिहास

सोलापूर हे गिरण्यांचे, चादरींचे शहर. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा येथे एकाच बाजारात ऐकू येतात. अशा शहरातही आता 'इंटरनॅशनल स्कूल' अशा पाट्या झळकतात आणि बालवर्गाच्या प्रवेशापासूनच आईवडिलांच्या जिवाला घोर लागतो. या शब्दामागे एक इतिहास आहे. पाटी वाचताना तो ठाऊक असलेला बरा.

बर्लिनच्या ज्यू घराण्यात १८८६ साली जन्मलेल्या कुर्ट हान यांनी १९२० मध्ये जर्मनीत झालेम येथे शाळा काढली. १९३२ साली, नाझींनी एका कामगाराचा निर्घृण खून केला आणि हिटलरने खुन्यांची पाठराखण केली, तेव्हा हान यांनी माजी विद्यार्थ्यांना कळविले की, हिटलर अथवा झालेम, यांपैकी एकाशी नाते तोडा. पुढच्याच वर्षी ते तुरुंगात गेले. सुटकेनंतर ते ब्रिटनला आले. पुढे १९५५ मध्ये पॅरिसच्या 'नाटो' महाविद्यालयात, एकेकाळी परस्परांवर बंदुका रोखलेले अधिकारी एकत्र शिकताना त्यांनी पाहिले. हेच सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना का साधू नये, या विचारातून १९६२ साली वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उघडले आणि 'युनायटेड वर्ल्ड कॉलेज' या परिवाराचा आरंभ झाला.

या परिवाराची एक शाखा १९९७ साली आपल्या पुणे जिल्ह्यात, मुळशीच्या डोंगरात सुरू झाली: महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज. येथील प्रवेशाची रीत आम्हांला विशेष विचार करण्याजोगी वाटते. विद्यार्थी सामान्यतः शाळेकडे अर्ज करीत नाही. त्याच्या देशातील राष्ट्रीय समिती त्याची निवड करते. निवड आधी, पैशाचा विचार नंतर, आणि गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती, असे मूळ तत्त्व. ते सर्वांना सारखे लागू पडते असे मात्र नाही. पूर्ण खर्च सोसू शकणाऱ्यांसाठी अलीकडे वेगळी जागतिक निवडही होते, आणि शिष्यवृत्तीचा निधी नेहमीच अपुरा पडणार, हे उघड आहे.

अभ्यास दोन वर्षांचा, आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट पदविकेचा. विषय सहा, प्रत्येकाला सात गुण, चार हजार शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध आणि ज्ञानमीमांसेचा विषय मिळून आणखी तीन, एकूण पंचेचाळीस. शिवाय कला, व्यायाम आणि सेवा यांना गुण नाहीत, पण त्यांवाचून पदविकाही नाही. आमच्या घरांतून गुणपत्रिकेवर जी माया केली जाते, ती पाहता ही अट कित्येकांना विचित्र वाटेल!

सोलापूरला मात्र जग नवे नाही. येथे जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि युद्धातील जखमींची सेवा करीत १९४२ मध्ये तेथेच निवर्तले. आणि माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाला, तेव्हा त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ देशोदेशींच्या शिक्षकांना वाटून दिली. त्यांच्या शाळेच्या नावात 'इंटरनॅशनल' हा शब्द नव्हता.