सत्तावीस बारीक खडे

लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला काय हवं, असं बायकोला विचारलं तर तिनं मोबाइल पुढे केला. फोटोत तिच्या साखरपुड्याच्या अंगठीसारखीच एक अंगठी होती आणि तिला खेटून दुसरी, गोल सगळीकडून बारीक हिरे बसवलेली. "इटर्निटी बँड म्हणतात. दोन्ही एकाच बोटात घालायच्या," ती म्हणाली आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेली.

एरवी मी ऑफर बघून ऑर्डर करून टाकली असती. पण त्या वर्षात माझी नोकरी गेली होती. चार महिने घराचा हप्ता तिच्या पगारातून गेला आणि त्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मला दुसरी नोकरी लागली, पण आभार मानायचे राहून गेले. नवराबायकोत 'थँक्यू' म्हटलं की परकं वाटतं, नाही म्हटलं तर खात राहतं. म्हणून ही अंगठी नीट निवडायची होती.

लक्ष्मी रस्त्यावरच्या एका दुकानात काउंटरवरच्या काकांनी सांगितलं, "पूर्वापार पद्धत आहे साहेब, एंगेजमेंट रिंगला जोड लागतेच." पूर्वापार हा शब्द ऐकला की माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. पूर्वापार म्हणजे कोणत्या व्हर्जनपासून?

आधी हिशेब केला. तिच्या बोटाच्या मापाला दोन मिलिमीटरचे सुमारे सत्तावीस खडे बसतात. एकेक खडा साधारण तीन सेंटचा, म्हणजे एकूण ऐंशी सेंटच्या आसपास. शंभर सेंटचा एक कॅरेट. पण ऐंशी सेंटचा एकच खडा घेतला तर तो या सत्तावीस खड्यांच्या कितीतरी पट महाग पडतो, कारण हिरा मोठा होत जातो तसा त्याचा दर कॅरेटमागचा भावच चढत जातो. मग हे बारीक खडे एवढे आले कुठून, आणि ते गोलात बसवून जन्मभराच्या प्रेमाशी जोडायचं कुणाला सुचलं?

हिऱ्यांची गोल अंगठी तशी जुनीच. ८ सप्टेंबर १७६१ रोजी इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज आणि शार्लट यांचं लग्न झालं. त्या दिवशी राजानं तिला हिरे जडवलेली एक बारीक अंगठी दिली. ती आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. तिला 'कीपर' म्हणत, म्हणजे राखणदार. लग्नाची अंगठी बोटातून निसटू नये म्हणून तिच्यापुढे घालायची. काम साधं होतं: मूळ अंगठी सांभाळणं. हा शब्द मी लक्षात ठेवला, पुढे उपयोगी पडला.

पण एका राणीच्या बोटातली वस्तू लाखो बायकांच्या बोटात येते तेव्हा मधे व्यापार असतो. १८७० च्या सुमाराला दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीला हिऱ्यांच्या खाणी लागल्या आणि तोवर दुर्मिळ असलेला खडा टनावारी मातीतून निघू लागला. १८८८ मध्ये सेसिल ऱ्होड्सनं डी बिअर्स कंपनी उभी केली ती मुख्यतः एवढ्यासाठी, की माल बाजारात किती सोडायचा हे एकाच हाती राहावं. पुढे मंदीत मागणी पडली, तेव्हा १९३८ मध्ये कंपनीनं एन. डब्ल्यू. आयर या अमेरिकन जाहिरात संस्थेला गाठलं. तिथल्या फ्रान्सिस गेरेटी या कॉपीरायटरनं १९४७ मध्ये हिरा कायमचा असतो अशा अर्थाची चार शब्दांची ओळ लिहिली. साखरपुडा म्हणजे हिरा हे समीकरण तिथून पक्कं झालं. गेरेटीबाईंनी स्वतः लग्न केलं नाही. त्या ओळीत एक धंद्याची अक्कलही होती: कायमचा म्हणजे परत विकायचा नाही. घराघरांतले जुने हिरे बाजारात आले असते तर भाव टिकलाच नसता.

या सगळ्या जाहिरातीत नायक होता एकच मोठा खडा. खडा जेवढा मोठा तेवढं प्रेम मोठं. आणि मग सायबेरियानं घोळ घातला.

ऑगस्ट १९५४ मध्ये लारिसा पोपुगायेवा ही सोव्हिएत भूगर्भशास्त्रज्ञ याकुतियाच्या जंगलात ओढ्यांच्या रेतीतले लालसर गार्नेट शोधत वरच्या बाजूला सरकत होती. जिथे हे गार्नेट दाट होतात तिथे हिऱ्याची मूळ खाण असणार, असा तर्क. तिला सोव्हिएत भूमीवरची पहिली किंबरलाइट नळी सापडली. पुढच्या वर्षी जूनमध्ये दुसऱ्या तुकडीला 'मीर' सापडली. त्यांनी वायरलेसवरून सांकेतिक निरोप धाडला, की आम्ही शांततेची चिलीम पेटवली आहे आणि तंबाखू फक्कड आहे. मीर म्हणजे शांतता, आणि रशियनमध्ये चिलीम आणि खाणीची नळी यांना शब्द एकच. सरकारी निरोपात इतका विनोद मी दुसरीकडे वाचलेला नाही. गोठलेली जमीन मऊ करायला तिथे जेट इंजिनांची गरम हवा सोडत. आज मीरचा खड्डा पाचशे मीटरहून खोल आहे.

डी बिअर्सच्या दृष्टीनं हे संकट होतं. हा माल खुल्या बाजारात आला तर भावाचं काही खरं नव्हतं. म्हणून १९६० च्या आसपास तो माल डी बिअर्समार्फतच विकायचा समझोता झाला. एका बाजूला वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतली भांडवलदार कंपनी, दुसऱ्या बाजूला त्या राजवटीचा जाहीर निषेध करणारं कम्युनिस्ट सरकार. पुढे उघड संबंध नकोत म्हणून मध्यस्थ आले, व्यवहार थांबला नाही.

पण सायबेरियाचे खडे दर्जाला चांगले आणि आकाराला बारीक. कच्चेच बहुतेक अर्ध्या कॅरेटच्या आतले. आणि गिऱ्हाइकाला तर वीस वर्षं शिकवलं होतं की मोठा तोच खरा. अमेरिकन पत्रकार एडवर्ड जे एपस्टीन यानं १९८२ मध्ये 'द अटलांटिक' मासिकात पुढची कहाणी सविस्तर लिहिली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे यातूनच इटर्निटी रिंगचा प्रचार सुरू झाला. पंचवीसपर्यंत बारीक खडे एका अंगठीत खपायचे, आणि गिऱ्हाईक नवं: लग्नाला बरीच वर्षं झालेल्या बायका. साखरपुड्याची अंगठी त्यांच्याकडे होतीच. त्यांच्या नवऱ्यांना सांगायचं, की विझत चाललेलं प्रेम पुन्हा पेटवा. शिकवण इतकी मुरली, की अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या हिऱ्याचं सरासरी वजन १९३९ मध्ये एक कॅरेट होतं ते १९७६ मध्ये ०.२८ वर आलं. आता मोठे खडे पडून राहायला लागले आणि जाहिरातींना पुन्हा उलट फिरावं लागलं. आमच्याकडे प्रॉडक्ट मॅनेजर रिक्वायरमेंट बदलतो तेव्हा मला आता ही गोष्ट आठवते.

गोष्टीतला आपला भाग इथून सुरू होतो. १९६० नंतर बारीक खड्यांना पैलू पाडण्याचं काम सुरतेत वाढत गेलं. पालनपूरच्या जैन व्यापाऱ्यांनी मुंबई आणि अँटवर्पमध्ये पेढ्या घातल्या, सौराष्ट्रातली शेतकऱ्यांची पोरं सुरतेत घंटीवर बसली. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आर्गाइलची खाण सुरू झाली. तिथला बराचसा माल बारीक आणि तपकिरी, तोही इकडेच आला. एका सेंटच्या खड्याचा व्यास सव्वा मिलिमीटरच्या जरा वर, मोहरीच्या दाण्याहून लहान. त्यावर सत्तावन्न पैलू. युरोपातल्या मजुरीत हे परवडलंच नसतं. आज जगातल्या दर दहा हिऱ्यांपैकी नवांना पैलू भारतात पडतात असं म्हणतात. बायकोनं दाखवलेली अंगठी सायबेरियानं शक्य केली असेल, पण स्वस्त केली ती सुरतेनं. दुकानातल्या पावतीत घडणावळ वेगळी लिहिलेली असते, घंटीवर वाकलेल्या पाठीचा रकाना कुठे नसतो.

हे सगळं मी एका रात्री बायकोला सांगितलं. बऱ्यापैकी विजयी मुद्रेनं, हे कबूल करतो. म्हणजे मी हुबेहूब त्या जाहिरातीतला नवरा होतो: काहीतरी सांगायचंय, जमत नाही, अंगठी शोधतोय. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुझ्या आईच्या मंगळसूत्राचा इतिहास काढलास का कधी?" मी गप्प. "मला ती छान दिसते म्हणून हवी आहे. तुला दुसरं काही सांगायचं असेल तर तोंडानं सांग."

मग सांगितलं. चार महिन्यांबद्दल, तोंडानं. फार नीट जमलं नाही.

अंगठीचा प्रश्न उरलाच. वाचून एक कळलं होतं: पूर्ण गोल खड्यांच्या अंगठीचं माप नंतर बदलता येत नाही, कारण कापायला आणि जोडायला मोकळं सोनंच उरत नाही. बोट मात्र बदलतं. म्हणून अर्धीच घेतली, वरच्या बाजूला तेरा खडे, खाली साधं सोनं. दुसरी अडचण मोठी होती. हिऱ्याइतकं कठीण काही नाही, आणि दोन अंगठ्या दिवसभर एकमेकींवर घासतात. जोडीच्या अंगठीतल्या खड्यांच्या कडा साखरपुड्याच्या अंगठीचं सोनं खरवडणार, खडा धरून ठेवणारे प्राँगही झिजवणार. दुकानातल्या काकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घासतं थोडं. पॉलिश करून देऊ." शार्लटच्या वेळी दुसरी अंगठी पहिलीची राखण करायची. आता तीच तिला खाते.

तेव्हा तिसरी घेतली. काकांना म्हटलं, दोन्हींच्या मधे घालायला एक साधं सोन्याचं वळं द्या, खडा नको, नक्षी नको. त्यांनी सव्वा ग्रॅमचं काढून दिलं आणि म्हणाले, "हे झिजेल हो लवकर." म्हटलं, झिजू दे, त्यासाठीच घेतोय. घडणावळ धरूनही तीनांत तेच सगळ्यात स्वस्त होतं.

परवा तिनं हात धुताना तिन्ही काढून ओट्यावर ठेवल्या होत्या. वळ्याच्या एका बाजूला बारीक ओरखडे आलेत. साखरपुड्याच्या अंगठीवर अजून एकही नाही.